गल्लीत हाक मारता येईल असं वैदर्भीय नाव: कुत्र्यांच्या नावांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पिल्लू घरी आणल्यावरच्या पहिल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आले त्यातले बरेचसे नावाबद्दलच निघाले. रॉकी, ब्रुनो, सिंबा सोडून आपल्याकडचं काहीतरी द्या असं लोक म्हणतायत हे वाचून खरंच खूप आनंद झाला. म्हणून या वेळची सगळी जागा नावांनाच देते.

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याहून लिहून राहिली. कॉलनीतलं एक पिल्लू आम्ही घरात घेतलं, तांबूस रंगाचं अन् शेपटी काळपट. मुलं म्हणते टायगर ठेवू, घरचे म्हणते मोती. मला वाटते आपल्या जंगलातलं काही असावं. काय ठेवू?

उत्तर: ताई, तुमच्या पिल्लाचा रंग वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यासमोर कोळसून आला. म्हणजे आपला रानकुत्रा हो, पेंच, ताडोबा, नागझिरा, सगळीकडे आहे, अंग तांबडं, शेपटी झुपकेदार अन् काळी. लोक सफारीला जातात आणि वाघ नाही दिसला की तोंड पाडून परत येतात, पण कोळसुनांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला तर मी म्हणेन पैसे वसूल झाले. ते आपल्या कुत्र्यांसारखे भुंकत बसत नाहीत, एकमेकांना शीळ घालून बोलावतात, दाट झाडीत पांगलेला कळप त्या शिळेवर पुन्हा गोळा होतो. शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात, मोठे बाजूला थांबतात, इतकं घट्ट कुटुंब असतं ते. तर नाव ठेवा कोळसू. हाक मारायला सोपं, शेवटी 'ऊ' असल्यामुळे लांबवर आवाज जातो, आणि मुलांना त्यातून एक प्राणी कळेल जो टायगर म्हणून कळणार नाही.

एक मात्र सांगते, आपला गावठी कुत्रा हा कोळसुनाचा वंशज नाही, दोघांचे वंश वेगळे आहेत, त्यामुळे शेजारी कोणी 'जंगली रक्त आहे का' म्हणून घाबरलं तर बिनधास्त नाही म्हणा. आणि जंगलाला लागून असलेल्या गावातले जे वाचक आहेत, पवनी, देवलापार, मोहर्ली तिकडचे, त्यांनी आपल्या कुत्र्यांना डिस्टेंपर अन् रेबीजची लस चुकवू नका, कारण हे रोग गावातल्या कुत्र्यांकडून जंगलातल्या जनावरांत जाऊ शकतात. कोळसुनावर प्रेम आहे ना, मग त्याच्यासाठी एवढं कराच.

प्रश्न: आमच्याकडे काळं पिल्लू आहे, सगळे काळू म्हणतात. दुसरं काही सुचवा ना. आणि मैत्रिणीकडे पांढरं आहे, तिला पण सांगायचंय. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: काळ्यासाठी आपल्याकडे किती छान नावं पडली आहेत! बिब्बा बघा. झाडाखाली पडलेला बिब्बा हातात घेतला की काळाभोर चकचकीत, खाली केशरी बोंड, उन्हाळ्यात गोडंबी काढायला गावात बायका बसतात. कोणाच्या काळ्या पिल्लाच्या छातीवर किंवा पायावर भुरा डाग असेल तर बिब्बाच ठेवा, दुसरा विचार करू नका. नाहीतर कोळसा. आपल्याकडे उमरेड, वणी, चंद्रपूर म्हटलं की कोळशाच्या खाणी आठवतात, आणि ताडोब्यात कोळसा नावाची एक रेंजसुद्धा आहे, म्हणजे खाण पण आली अन् जंगल पण आलं.

पांढऱ्यासाठी माझं आवडतं नाव सरकी. कापूस म्हणजे वऱ्हाडाचा श्वास, नागपुरात एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली ती याच कापसामुळे, आणि सरकी म्हणजे त्या कापसाच्या पोटातलं बी. छोटी, गोल, पांढरी कुत्री असेल तर सरकीपेक्षा गोड नाव मला तरी माहीत नाही. नर असेल तर बोंडू. क्रीम रंगाचा असेल तर मोहू, कारण मोहाची फुलं तशीच असतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो अन् लोक अंधारातच टोपल्या घेऊन वेचायला निघतात. भगव्या-तांबड्या रंगाला पळस आहेच. पिवळसर असेल तर हळदी ठेवा, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आणि तिखट स्वभावाची कुत्री असेल तर भिवापुरी, त्या मिरचीलासुद्धा मिळालंय. भिवापुरी हाक मारायला लांब पडतं म्हणा, घरात भिवू होईल, चालेल.

जो सारखा भुंकतो त्याला भेकर म्हणा. भेकर म्हणजे ते लहानसं हरीण, जंगलवाले आपल्याकडे भेडकी पण म्हणतात, वाघ-बिबट दिसला की हुबेहूब कुत्र्यासारखं भुंकून अख्ख्या जंगलाला सावध करते. रोही, म्हणजे नीलगाय, पण मस्त नाव आहे, उंच पायाच्या कुत्र्याला शोभते, फक्त तुमचे सासरे शेतकरी असतील तर आधी विचारून घ्या, रोह्यांनी चणा खाल्लेल्या माणसाला ते नाव रोज ऐकायला आवडणार नाही.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, मला नागपूरच्या इतिहासाचा खूप अभिमान आहे. आमच्या जर्मन शेफर्डचं नाव बख्त किंवा रघुजी ठेवायचं आहे, आई नको म्हणते. ताई तुम्हीच सांगा, अभिमानानेच ठेवतोय ना? (वाचक, महाल)

उत्तर: बेटा, आई बरोबर बोलून राहिली. तुझा अभिमान खरा आहे हे मला पत्रावरूनच दिसते, पण बख्त बुलंद शाहनी 1702 च्या सुमारास बारा वस्त्या जोडून हे शहर वसवलं, आणि गोंड समाजातल्या असंख्य लोकांसाठी तो आजही आपला राजा आहे. त्यांच्यापैकी कोणी तुझ्या गेटसमोरून जातंय आणि तू आतून 'बख्त, चूप!' म्हणून ओरडतोयस, तर त्या माणसाला काय वाटेल? तू प्रेमानं ठेवलंस हे त्याला कसं कळणार? रघुजी भोसल्यांचं पण तसंच. राजे, संत, देव, समाजाची नावं, कोणाचीही आडनावं, ही सगळी मी कुत्र्यासाठी बाजूला ठेवते, आणि यात मी अजिबात सूट देत नाही. ताडोबा हे नाव पण देऊ नका, दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ताडोबा हे जंगलाचं नाव झालं नंतर, आधी तो तारू, वाघाशी लढताना मेलेला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं आदिवासी पूजेला येतात. देवाचं नाव आहे ते.

इतिहास हवाच असेल तर माणूस सोड आणि जागा घे. तुझ्या शेफर्डला बर्डी नाव ठेव! सीताबर्डीला आपण सगळे बर्डीच म्हणतो, त्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, 26 आणि 27 तारखेला, हरली पण लढली. त्याच टेकडीवर मग इंग्रजांनी किल्ला बांधला. बर्डी म्हटल्यावर पाहुणे विचारणार की असं कसं नाव, आणि तुला ही सगळी गोष्ट सांगायला मिळेल, तुला तेच तर पाहिजे ना. किंवा जुम्मा. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला जुम्मा तलाव, म्हणजे आपला शुक्रवारी, आताचा गांधीसागर, तू महालातला आहेस तर तुझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. झिरो पण चांगलं आहे, झिरो माइलच्या दगडी खांबावरून, चार घोडे आहेत बघ तिथं. करड्या रंगाचा कुत्रा असता तर मी मेघ सुचवलं असतं, कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात, पण शेफर्डला बर्डीच जाईल.

प्रश्न: आमच्या काळ्या कुत्रीला सगळे पोट्टे मारबत म्हणून चिडवतात अन् तेच नाव पडून राहिलं. राहू देऊ का? (इतवारी)

उत्तर: नका राहू देऊ. मला मारबत फार प्रिय आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी अन् पिवळी मारबत, ते बाईचे मोठे पुतळे, समोरासमोर येतात तेव्हा तिथली गर्दी, ते बडग्यांचे पुतळे, ते ढोल, हे जगात दुसरीकडे नाही. पण आपण ओरडतो काय? 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' रोगराई, वाईट, सगळं तिच्यावर लादून तिला गावाबाहेर नेऊन जाळतो. जिला रोज संध्याकाळी घरात बोलवायचं तिला हे नाव कसं द्यायचं? आणि काही घरांत मारबतीला नवस बोलतात, त्यांना पण ते लागेल. पोळ्याचंच नाव पाहिजे तर तान्ही ठेवा, तान्ह्या पोळ्यावरून, लाकडाचे नंदी घेऊन पोरं घरोघर फिरतात तो दिवस. इतवारीत जन्मली आहे तर तिचा हक्कच आहे त्यावर. पोट्ट्यांना एकदा जवळ बसवून सांगा, दोन बिस्किटं त्यांच्या हातून तिला द्यायला लावा अन् प्रत्येक बिस्किटाला तान्ही म्हणायला लावा, आठवडाभरात चिडवणं बंद होईल.

प्रश्न: लॅब्रॅडॉरचं नाव जय ठेवलं तर? उमरेडच्या वाघावरून.

उत्तर: ठेवा की. एवढा मोठा वाघ, नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला आला, 2016 पासून कोणालाच दिसला नाही, मला आजही वाईट वाटते. फक्त एक अडचण, जय नावाचे मुलं प्रत्येक अपार्टमेंटमध्ये दोन-दोन आहेत. खाली पार्किंगमध्ये 'जय, सोड ते, तोंडातून काढ' ओरडलात तर कोणाची तरी आई बाल्कनीत येईल. त्यापेक्षा कऱ्हांडा घ्या, घरात कऱ्हू होईल.

प्रश्न: नाव कसं निवडायचं याचा काही नियम असतो का? आमच्या घरात आधीच एक कोको आहे, ती ऐकतच नाही. (धंतोली)

उत्तर: असतो, आणि तुमची अडचण नावातच असू शकते. घरात दिवसभर आपण तिला नको नको म्हणतो, आणि कोको अन् नको हे तिच्या कानाला जवळजवळ सारखंच लागतं, मग तिला कळत नाही की बोलावतायत की रागावतायत. नाव दोन अक्षरी असलं तर बरं, फार तर तीन. क, ट, ब, प, ड असे ठसठशीत आवाज असले आणि शेवट आ, ई, ऊ असा उघडा असला तर मैदानात पण ऐकू जातं. बस, चल, ये, नको, सोड या आपल्या रोजच्या शब्दांशी जुळणारं नाव टाळायचं. घरात दोन कुत्रे असतील तर दोन्ही नावांची सुरुवात वेगळी पाहिजे, मोहू अन् मोती एका घरात नको.

मोठ्या कुत्र्याचं नाव बदलता येतं, लोक उगाच घाबरतात. काही दिवस जुनं अन् नवं जोडून बोला, नवं आधी, म्हणजे 'टिकी, कोको', अन् लगेच खाऊ द्या, मग हळूहळू जुनं सोडून द्या. रागावताना नाव अजिबात घ्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, पाहुण्यांना पण सांगून ठेवा. नद्यांची नावं या नियमात फार छान बसतात बरं का, इरई, वैनगंगेवरून वैना, कन्हानवरून कन्नू. नाग नदीवरून नागू पण बसतं, पण घरातलं कोणी सापाला घाबरत असेल तर दुसरं बघा.

प्रश्न: हस्की घेतला आहे, त्याला विदर्भाचं कोणतं नाव शोभेल?

उत्तर: कोणतंही शोभेल, सावर ठेवा, काटेसावरीच्या झाडावरून, कापसासारखी फुटते ती. पण नावापेक्षा त्याच्या मे महिन्याची काळजी करा. इथं पारा 45 च्या वर जातो आणि त्या जनावराची केसाळी बर्फासाठी बनलेली आहे. कूलर नाही तर एसी लागेलच, फिरवणं फक्त पहाटे अन् रात्री उशिरा, डांबरावर आधी आपला तळहात ठेवून बघायचा. केस मात्र भादरू नका, उलट त्रास होतो.

प्रश्न: काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. राखणीला दोन पिल्लं आणली, बहीण-भाऊ आहेत. बागेशी जुळणारी नावं पाहिजेत, मजुरांना पण हाक मारता आली पाहिजे.

उत्तर: भाऊ, हा प्रश्न वाचून मी एकटीच हसत बसली होती. बहिणीचं नाव आंबिया! जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार, दिवाळीच्या आसपास तोडणी, बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी रोजचा शब्द. भावाला मृग बहारावरून मृग ठेवलं असतं तर जोडी जमली असती, पण हाक मारताना त्याचं मिरग होणार अन् पुढे कोणी मिरगी करणार, ते आजाराचं नाव आहे, नको. त्याला बहार म्हणा. बागेत लांबून हाक द्यायची तर 'बहाऽऽर' छान लांबवता येतं. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली असतील तर लसीला न्या, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या, बागेत कोल्हे येतात म्हणून हे टाळू नका, आणि डॉक्टरांना कार्डावर आंबिया अन् बहार हीच नावं मराठीत लिहायला सांगा.