सोमलवाड्यात शर्यतीची कबुतरं पाळावीत का? विमानतळापासून किती अंतर ठेवावं?

तुमचं घर नागपूरच्या सोमलवाड्यात, गच्चीवर होमर, म्हणजे लांब सोडली तरी घरी परतणारी कबुतरं, पाळून पुढे शर्यतीला उतरवायचीत, आणि विचारलंय की विमानतळापासून किती अंतर असलं म्हणजे पुरे, परवानगी लागते का. ‘किती अंतर’ हे वाचलं आणि मला माझा साळा आठवला. त्याचंही हेच पालुपद. दहा किलोमीटर, दहा किलोमीटर. दहा वर्षं झाली ऐकतोय.

आधी उत्तर देऊन टाकतो: सोमलवाड्यात नका पाळू. रोज सकाळी नुसतं फिरायला सोडलं तरी थवा एक-दोन किलोमीटरचा फेरा सहज मारतो, आणि तुमच्याकडे पश्चिमेला तेवढ्यात विमानतळाची भिंतच लागते. पण यावरून लांब राहायला गेलं की सुटलो असं समजू नका. मी तसं समजलो होतो.

माझी ढाबळी, म्हणजे कबुतरांचं खुराडं, तेव्हा जयताळ्याला होती, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. २०१४ साली पहिल्या पिल्लांच्या पायात त्यांच्या सालाच्या कड्या घातल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत १६ पाखरं तयारीला घेतली, सगळी २०१५ च्या कडीची. बुटीबोरीहून चार वेळा सोडून झाली होती, चारही वेळा सगळी परत. मग ठरवलं, आता उमरेड. पुतण्या मोटारसायकलला मागे करंडी बांधून अंधारातच निघाला. सात चाळीसला त्याचा फोन आला, ‘सोडली काका, एकच गिरकी घेतली अन् लाईन धरली.’ सरळ रेषेत ४३-४४ किलोमीटर. चाळीस मिनिटांत यायला हवी होती.

मी ज्वारीचा डबा घेऊन गच्चीवर उभा. आठ वीस झाले, आठ पंचवीस झाले. तेवढ्यात विमानतळाकडून एक विमान आलं, चाकं अजून बाहेर, आणि उतरायचं सोडून आवाज वाढवत जयताळ्यावरून पुन्हा वर चढत गेलं. असं अनेक कारणांनी होतं, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

पाखरं आली ती थव्याने नाही, दोन-दोन, तीन-तीन अशी. फळीवर उतरली आणि तशीच बसून राहिली, चोची उघड्या, छाती धपापतेय. डबा वाजवला तरी एकही आत जाईना. एका निळ्या पट्टेवाल्या मादीची उजव्या पंखाची दोन पिसं मधूनच मोडलेली. साडेनऊपर्यंत नऊ आली. उरलेली सात कधीच आली नाहीत.

आता साळ्याचं. तो तेव्हा धावपट्टीवरचे पक्षी हाकलणाऱ्या तुकडीत कंत्राटावर होता, फटाके फोडायचे आणि गवतात काय बसलंय ते पाहायचं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाला आणि याने सगळ्या पाहुण्यांसमोर खिशातून काडेपेटी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

‘भाऊजी, पाहा बरं हे काय आहे ते.’

आत अल्युमिनियमच्या कडीचा तुकडा, नखाएवढा, चेपलेला. अक्षरं गेलेली, सालातला शेवटचा आकडा तेवढा राहिलेला. तो म्हणाला पाच. मी म्हणालो दोन.

‘काहून खोटं बोलता जी? पाच आहे हा, लेकरूबी सांगेल.’

गोष्ट अशी की या कडीवर आकडा ठोकून उठवलेला असतो आणि पत्रा इतका पातळ की मागून तो उलटा दिसतो. इंग्रजी दोनाचा आकडा मागून पाहिला तर इंग्रजी पाचासारखाच दिसणार. हा माणूस तुकडा पालथा धरून वाचत होता! मी सुलटा करून दाखवला, तर म्हणे, ‘सुलटी बाजू कोणती हे तुम्हीच ठरवणार का?’ माझ्याकडे २०१२ चं एकही पाखरू नव्हतं, तेव्हा दोन असेल तर कडी माझी नाही. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, बारशात हा सांगतो की भाऊजींचं कबूतर विमानाला लागलं होतं.

त्याचं आवडतं शस्त्र म्हणजे इथिओपियाचा अपघात. आधी मला वाटायचं फेकतोय, पण ते खरं निघालं. १५ सप्टेंबर १९८८, बहिर दार. बोइंग ७३७ विमानाने उड्डाण केलं आणि कबुतरांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला. विमान पोटावर उतरवावं लागलं, आग लागली, १०४ पैकी ३५ माणसं गेली. मी त्याला म्हणतो की ती तिकडची रानकबुतरं होती, कोणाच्या ढाबळीतली नव्हती. तो म्हणतो, ‘इंजिनाला काय समजते, कडी हाय का नाही?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूरहून कोलकात्याला निघालेलं विमान पक्षी धडकल्यामुळे परत फिरलं, तेव्हा ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकून त्याने खाली फक्त माझं नाव लिहिलं होतं. तोवर माझी जयताळ्याची ढाबळी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पण त्याचा दहा किलोमीटरचा हेका सपशेल चुकीचा आहे. तो आकडा १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमातला. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापू-सोलू नयेत, पक्षी-प्राणी गोळा होतील असा कचरा टाकू नये, असा तो नियम. त्यात पाळीव कबुतरांचं नाव नाही. त्याचा खरा रोख घारी-गिधाडांवर आहे. घार उकिरड्यावर येते, उन्हं चढली की घिरट्या घालत वर जाते, आणि वजनाला कबुतरापेक्षा चांगलीच भारी असते. मांसाचा कचरा रस्त्याकडेला टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही, चौकात पोत्याने दाणे टाकून जंगली कबुतरं पोसणारा पुण्यवान, आणि मोजून सोळा पाखरं पाळणारा मी गुन्हेगार! असो.

त्या प्रकारानंतर मी पुतण्याची पट्टी घेऊन नकाशावर उमरेड ते जयताळा रेघ मारली. रेघ विमानतळावरून गेली. नुसती गेली नाही, जवळपास धावपट्टीच्याच दिशेने गेली, कारण आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि उमरेड बरोबर आग्नेयेला. वारा वायव्येचा असला की विमानं त्याच बाजूने उतरतात. उतरणारं विमान साधारण तीन अंशांनी खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला पन्नास-बावन्न मीटर. धावपट्टी दोन किलोमीटरवर राहिली की ते शे-सव्वाशे मीटरवर असतं. वारा समोरून असला तर होमर याहून खाली येतो, मागून असला तर वर जातो, पण असतो याच पट्ट्यात. मी माझी पाखरं विमानाच्याच रस्त्यावर लावून दिली होती. बुटीबोरीहून सोडली तेव्हा रेघ धावपट्टीच्या पश्चिमेने निघून जायची, म्हणून चार वेळा काही झालं नाही. तो माझा हुशारपणा नव्हता.

मग मी ढाबळी हलवली, भावाच्या शेतात, कळमेश्वरला. साळा खूश. ‘आता दहाच्या बाहेर गेलात, आता ठीक.’ त्याला वाटतं त्याच्या धाकाने गेलो. मी तिथेही रेघ मारली. उमरेड ते कळमेश्वर. परत विमानतळावरून! वीस किलोमीटर लांब जाऊनही रेघ तीच. त्याला दोनदा कागदावर काढून दाखवलं, मान्य करत नाही. आता मी सावनेर, काटोल, पांढुर्णा या बाजूंनीच सोडतो, म्हणजे विमानतळ पाठीमागे राहतो.

तुम्हीही पट्टी घ्या. वर्ध्याहून किंवा सेलूकडून सोमलवाड्याला आणाल तर पाखरं धावपट्टी आडवी कापणार, ते कधीच करू नका. कामठी, रामटेक, भंडारा या बाजूंनी येणारी रेघ मोकळी आहे. पण रोजच्या फेऱ्याचं काय, हा प्रश्न तिथे सुटत नाही, म्हणून तर नको म्हणतो. त्या बाजूला कोणी नातेवाईक असेल तर त्याच्या गच्चीवर ढाबळी टाका. ब्रिटनमध्ये विमानतळाजवळ शर्यतीची पाखरं सोडायची तर आधी कळवतात, गरज पडली तर सोडायची वेळ पुढे ढकलतात. आपल्याकडे मागायची तर कोणाची परवानगी मागणार? तरीही विमानतळावर जाऊन लेखी कळवून ठेवा, पोच घ्या. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, तेव्हा वकिलाला विचारायचंच असेल तर त्याचं नाव घेऊन विचारा.

एक मात्र मान्य करायला हवं. कबूतर पट्टीने आखल्यासारखं येत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पाखरांच्या पाठीवर यंत्रं बांधून पाहिलंय, ओळखीच्या भागात ती चक्क रस्ता धरून उडतात, चौकात वळतात. माझी त्या दिवशी उमरेड रोड धरून शहराकडे गेली असतील तर विमानतळ लागलाच नसेल, आणि ती सात ससाण्याने फोडली असतील. हे मी साळ्याला नेहमी सांगतो. सात आली नाहीत हे मात्र मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. त्याला वाटतं सोळाच्या सोळा परत आली होती, कारण त्या पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तसंच म्हणालो होतो.

ढाबळी साफ करताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावा, विष्ठेची धूळ फुप्फुसं खाते. आणि कड्या मागवाल तेव्हा फोन नंबर कोरलेल्या मागवा. माझ्या कड्यांवर नुसतं साल आणि क्रमांक होता.