रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं, तहानही फार लागते. हा मधुमेह असू शकतो का?

असू शकतो, पण खात्री रक्ततपासणीनेच होते. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीतून सोडू लागतात, तिच्यासोबत पाणीही जातं, म्हणून तहान लागते. भूक असूनही वजन उतरणं, थकवा, धूसर दिसणं, जखम लवकर न भरणं, जांघेत किंवा योनीमार्गात वारंवार बुरशी होणं ही आणखी काही चिन्हं. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा मळ समजून घासत बसू नका. तो बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो.

मात्र टाइप २ मध्ये, म्हणजे मोठ्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या मधुमेहात, अनेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. त्यामुळे लक्षणांची वाट पाहण्यापेक्षा तिशीनंतर, विशेषतः पोट सुटलेलं असेल किंवा आईवडिलांना मधुमेह असेल तर, तपासणी करून घ्यावी.

आठ तास उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून पक्कं करतात. रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवू शकतं. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करू नका.

मधुमेह मुलांनाही होतो. मूल अचानक अंथरूण ओलं करू लागलं, वाळलं, त्याला उलट्या, जोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.