एमआरआय झाल्यावर पुन्हा अँजिओग्राफी कशासाठी?

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला अचानक फीट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात ‘एव्हीएम’ (रक्तवाहिन्यांचा सदोष गुंता) असल्याचे आढळले. रक्तस्राव झालेला नाही. न्यूरोसर्जननी आता ‘डीएसए’ ही अँजिओग्राफी सुचवली आहे. एमआरआयमध्ये सर्व दिसत असताना मांडीतून नळी घालण्याची ही तपासणी आवश्यक आहे का? आमच्या मावशीच्या मेंदूत कॅव्हर्नोमा (फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका) सापडला होता, तेव्हा मात्र अँजिओग्राफीची गरज नाही असे सांगण्यात आले होते.

उत्तर : मेंदूत सामान्यतः धमन्यांतील रक्त अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधून जाऊन मग शिरांमध्ये उतरते. एव्हीएममध्ये या केशवाहिन्याच नसतात. धमन्या वाहिन्यांच्या एका गुंत्यातून थेट शिरांना जोडलेल्या असतात आणि धमनीतील जोरदार दाब शिरांच्या नाजूक भिंतींवर येतो. एमआरआयमध्ये हा गुंता कोठे आहे, किती मोठा आहे आणि बोलण्याचे किंवा हालचालींचे केंद्र त्याच्या किती जवळ आहे हे उत्तम समजते. आपल्या भावाचा दोष डाव्या बाजूला असल्यामुळे भाषेच्या केंद्राचे स्थान पाहण्यासाठी फंक्शनल एमआरआयही सुचवला जाण्याची शक्यता आहे.

परंतु नेहमीच्या एमआरआयमध्ये रक्ताचा प्रवास दिसत नाही. डीएसएमध्ये काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून नळीतून सोडलेले द्रव्य) सोडण्यापूर्वीची क्ष-किरण प्रतिमा नंतरच्या प्रतिमांमधून संगणकाद्वारे वजा केली जाते, त्यामुळे कवटीचे हाड पुसले जाऊन केवळ रक्तवाहिन्या उरतात. दर सेकंदाला अनेक प्रतिमा घेतल्या जात असल्याने कोणती धमनी गुंत्याला रक्त पुरवते, त्या धमनीवर फुगा (अ‍ॅन्युरिझम) आहे का, शीर किती लवकर भरते, ती मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाते की खोलवर, आणि वाटेत कोठे अरुंद झाली आहे का, हे क्रमाने पाहता येते. १९८६ पासून प्रचलित असलेल्या स्पेट्झलर-मार्टिन श्रेणीत आकार, स्थान आणि शिरांची दिशा या तीन बाबींवरून शस्त्रक्रियेचा धोका ठरवला जातो. मेंदूची अँजिओग्राफी पोर्तुगीज न्यूरोलॉजिस्ट एगास मोनिश यांनी लिस्बनमध्ये १९२७ साली प्रथम केली. तंत्र पार बदलले, तरी एव्हीएमच्या बाबतीत तिची जागा अद्याप दुसऱ्या तपासणीने पूर्णपणे घेतलेली नाही. गळ्यातील रक्तालाच चुंबकीय खूण करून त्याचा माग काढणारी, काँट्रास्टविना होणारी एमआरआयची पद्धत आता उपलब्ध आहे. पाठपुराव्यासाठी ती उपयोगी आहे, मात्र बारीक वाहिन्यांचा तपशील त्यात कमी मिळतो.

डीएसएमध्ये पक्षाघातासारख्या कायमच्या गुंतागुंतीचा धोका अनुभवी हातांत एक टक्क्याहून कमी असतो, पण तो शून्य नसतो. मूत्रपिंडाचा विकार, काँट्रास्टची पूर्वीची अ‍ॅलर्जी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू असल्यास ते आधीच सांगावे.

माझ्या मते आपण न्यूरोसर्जनना एक प्रश्न अवश्य विचारावा : या तपासणीच्या निष्कर्षावरून कोणता निर्णय बदलणार आहे? रक्तस्राव न झालेल्या एव्हीएमवर हस्तक्षेप करावा की केवळ औषधांवर ठेवावे, यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ अभ्यासानंतर वाद आहे. त्यात केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांमध्ये पक्षाघात व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र धोका आयुष्यभराचा असताना पाठपुरावा काही वर्षांचाच होता, हा आक्षेपही रास्त आहे. फीटची औषधे तोवर चुकवू नयेत.

मावशींना दिलेला सल्लाही योग्यच होता. कॅव्हर्नोमामध्ये रक्त इतके संथ वाहते की अँजिओग्राफीत तो बहुधा दिसतच नाही. त्याच्याभोवती झिरपून साठलेले जुन्या रक्तातील लोह ‘एसडब्ल्यूआय’ या एमआरआय प्रकारात गडद डागासारखे उठून दिसते. असे डाग अनेक असल्यास आनुवंशिकतेचा विचार करावा लागतो. एव्हीएम हा वेगळा दोष आहे आणि तो सहसा आनुवंशिक नसतो. तथापि कुटुंबात अनेकांचा घोळणा वारंवार फुटत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण एचएचटी या आनुवंशिक विकारात मेंदूतही एव्हीएम आढळतात.