दुसरा हेन्री, बेकेट आणि घरातली बंडं: तुमचे प्रश्न

इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न: सहा लग्नं केलेला हेन्री तो हाच का?

नाही. तो आठवा. हा ११५४ ते ११८९ चा, याची बायको एकच.

प्रश्न: आम्ही डब्लिनला असतो. इथले कलीग म्हणतात की पोपने आयर्लंड इंग्लंडला देऊन टाकलं. खरंय का?

अर्धवट. एड्रियन चौथा, आजवरचा एकमेव इंग्रज पोप, त्याने ११५५ च्या सुमारास तसं पत्र दिलं असं सांगतात. मूळ पत्र शिल्लक नाही, मजकूर मिळतो तो त्या काळचा लेखक जेराल्ड ऑफ वेल्स याच्याकडे, आणि या जेराल्डचेच नातेवाईक आयर्लंड जिंकायला गेलेले, त्यामुळे अभ्यासकांचं भांडण चालूच आहे. शिवाय पत्र होतं तर हेन्री १६ वर्षं काय करत होता? खरं कारण घरचंच. आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या हाकललेल्या डर्मट राजाने मदतीला बोलावलेला हेन्रीचा सरदार स्ट्राँगबो डर्मटचाच जावई झाला, ११७१ त सासरा गेल्यावर राज्यच बळकावून बसला, आणि आपला सरदार समुद्रापलीकडे राजा होतोय हे हेन्रीला कसं चालणार! ऑक्टोबर ११७१ ला सुमारे ४०० जहाजं घेऊन तो वॉटरफर्डजवळ उतरला, मोठी लढाई झालीच नाही, बरेच आयरिश राजे येऊन नमून गेले आणि एप्रिलमध्ये स्वारी परत. कँटरबरीचा आर्चबिशप (इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख) थॉमस बेकेट याच्या खुनाची चौकशी करायला पोपचे दूत येणार होते, तेव्हा लांब असणं सोयीचंच होतं. डब्लिनला आहातच तर युनिव्हर्सिटीत मध्ययुगीन इतिहास शिकवणाऱ्या कोणाला तरी गाठा, कॅन्टीनमध्ये विचारू नका.

प्रश्न: 'या उपद्रवी पाद्र्यापासून मला कोणी सोडवेल का?' असं राजा म्हणाला ना? मग खुनी तोच की.

हे वाक्य परत मला पाठवू नका, हात जोडतो. राजा बोलायचा फ्रेंच, आणि हे चटकदार इंग्रजी वाक्य अठराव्या शतकातल्या लेखणीतून आलंय. जवळच्या काळातला एडवर्ड ग्रिम, बेकेटला वाचवायला गेल्यावर ज्याचा हात तलवारीने तुटता तुटता राहिला, तो लिहितो की राजा दरबाऱ्यांवर ओरडला: कसले ऐतखाऊ पोसलेत मी, एका हलक्या कुळातल्या 'क्लर्क'ने धन्याचा अपमान करावा आणि तुम्ही बघत बसावं! ग्रिमही खुनाच्या वेळी कँटरबरीला होता, राजा ओरडला ते फ्रान्सकडच्या नॉर्मंडीत, तिथे तो नव्हता, म्हणजे हेसुद्धा ऐकीवच. आणि तो 'क्लर्क' म्हणजे कारकून नाही हो, पाद्री! बाजारातल्या गाइडांत 'गुन्हेगार कारकुनांचा प्रश्न' छापलेला पाहिला की डोकं फिरतं, पोरं पाठ करतात आणि तेच उत्तरपत्रिकेत उतरवतात. वाद असा होता की पाद्र्याने खून केला तर चर्चचं कोर्ट त्याला फाशी देऊ शकत नव्हतं. ११६४ ला क्लॅरेंडनच्या सभेत हेन्री म्हणाला, चर्चने दोषी ठरवून पद काढावं आणि मग माझ्या कोर्टाने शिक्षा द्यावी. बेकेटचं म्हणणं, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. तो सहा वर्षं फ्रान्सला जाऊन राहिला, परतला तो आपला हक्क डावलून युवराजाला राज्याभिषेक करणाऱ्या बिशपांना चर्चबाहेर काढतच, त्यावरून राजा भडकला, आणि २९ डिसेंबर ११७० ला चार सरदारांनी बेकेटला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच मारलं. राजाने ११७२ ला नॉर्मंडीतल्या अव्रांशला शपथ घेतली की मी हुकूम दिला नाही, पण माझ्या रागामुळे घडलं असेल. पुढचा निवाडा लॅटिन साधनं वाचणाऱ्याला विचारा, फॉरवर्डला नाही.

प्रश्न: मुलांनीच बंड का केलं?

मुकुट दिला, सत्ता नाही दिली. थोरल्या मुलाला (त्याचंही नाव हेन्री) ११७० लाच राज्याभिषेक, पण हातात एक किल्ला नाही, आणि धाकट्या जॉनच्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा त्याच्याच वाट्यातले शिनाँ, लूदँ, मिरबो हे तीन किल्ले बापाने जॉनला कबूल केले. ११७३ ला थोरला फ्रान्सच्या राजाकडे पळाला, भाऊ रिचर्ड आणि जेफ्री मागोमाग, आई एलिनॉर पुरुषाच्या वेशात पकडली गेली आणि नवरा मरेपर्यंत कैदेत राहिली. जुलै ११७४ ला बाप अनवाणी बेकेटच्या थडग्याशी गेला, भिक्षूंकडून फटके खाल्ले, आणि दुसऱ्याच दिवशी बंडवाल्यांच्या बाजूचा स्कॉटलंडचा राजा पकडला गेला. लोकांनी काय अर्थ लावला असेल, सांगायला नको.

प्रश्न: जावई इंग्रज आहेत. एक कंपनी पैसे घेऊन 'हेन्रीचे वंशज' असं सर्टिफिकेट देते. घ्यावं का?

नको. अगदीच हौस असेल तर तिथल्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसमध्ये पणजोबांपासून कागद शोधायला लागा.

प्रश्न: उद्या सबमिशन आहे, बेकेटवर पाचशे शब्द पाठवाल का?

तुमचा मेल रात्री ११:४० ला आलाय. सकाळी मॅडमना भेटून मुदत मागा.