पॉलिसी, पोलिसिंग आणि पॅकेट ‘सोडणे’

प्रश्न असा आहे: नेटवर्क व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करताना ‘क्यूओएस ट्रॅफिक पॉलिसी’ला (क्यूओएस म्हणजे ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’) ‘गुणवत्ता वाहतूक धोरण’ म्हणावं का? आणि ‘पोलिसिंग’ व ‘शेपिंग’ दोन्हींना ‘नियंत्रण’ चालेल का?

‘वाहतूक’ राहू द्या. ‘रहदारी’ माणसांची नि गाड्यांची; माल वाहून नेण्याचा अर्थ ‘वाहतूक’मध्येच आहे. ‘धोरण’ मात्र मला पटत नाही. धोरण मोघम असलं तरी खपून जातं, राउटरला मोघम चालत नाही. सिस्को कंपनीच्या राउटरवर आधी क्लास-मॅपने वर्ग पाडतात, समजा डीएससीपी (पॅकेटवरचा दर्जाचा आकडा) ४६ ची खूण असलेली आवाजाची पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे. मग पॉलिसी-मॅपमध्ये प्रत्येक वर्गाचं काय करायचं ते लिहितात आणि सर्व्हिस-पॉलिसीने ते सगळं एखाद्या इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या जोडणीला, येणाऱ्या किंवा जाणाऱ्या दिशेने, लावतात. याला ‘नियमसंच’च म्हणावं.

‘गुणवत्ता’पेक्षा ‘दर्जा’ बरा. क्यूओएस लाइनचा वेग वाढवत नाही, गर्दीत कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवतं. आणि ‘मंत्रिपदाचा दर्जा’ म्हणतो तेव्हा ‘दर्जा’त हा मानाचा अर्थ असतोच.

आता खरी अडचण. दोन्हींना ‘नियंत्रण’ म्हटलंत, तर वापरणाऱ्याला निवडच करता येणार नाही. १९९८ च्या आरएफसी २४७५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात फरक स्वच्छ आहे: ठरलेल्या मर्यादेत बसवण्यासाठी शेपिंग पॅकेटना उशीर करतं, पोलिसिंग जादा पॅकेट फेकून देतं. (प्रत्यक्षात पोलिसिंग कधी कधी फेकण्याऐवजी खालच्या दर्जाची खूण मारून पुढे जाऊ देतं.) शेपिंग म्हणजे जादा पाणी तळ्यात अडवून बेताने पाटाला लावणं, पोलिसिंग म्हणजे सांडवा. तळं भरलं की तिथूनही पाणी जाणार, तसा शेपिंगचा बफर भरला की तिथेही पॅकेट वाया जातात. शब्दशः ‘आकार देणे’ तर नकोच, पॅकेटचा आकार बदलतो असं वाटेल. माझा कौल: ‘शेपिंग’, ‘पोलिसिंग’ देवनागरीत तसेच ठेवा, अभियंते तेच बोलतात; खाली बारीक अक्षरांत ‘जादा पॅकेट थांबवून पाठवा’ आणि ‘जादा पॅकेट टाकून द्या’ असं लिहा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘ड्रॉप’साठी ‘सोडणे’ वापरू नका. मराठीत धरणाचं पाणी सोडतात तेव्हा ते पुढे जातं, आणि नाद सोडतात तेव्हा तो सुटतो. ‘पॅकेट सोडले’ या नोंदीवरून ते पोहोचलं की मेलं, हे रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याला कसं कळणार? ‘टाकून दिले’ लिहा, आणि ‘फॉरवर्ड’ला ‘पुढे पाठवले’.