घरातली नाती सुधारायला मदत करणारं मानसिक आरोग्याचं ॲप मराठवाड्यासाठी बनवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

फोन कुणाच्या हातात असतो, तिथून करा. आमच्या बीडकडं बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो, तोही नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. बाईनं मन मोकळं केलं आणि तेच नोटिफिकेशन सासूच्या नजरेस पडलं, तर ॲपनंच भांडण लावलं म्हणायचं! म्हणून ॲपला वेगळा पिन हवा, स्क्रीनवर मजकूर दिसायला नको, नोंद एका बोटात पुसता यायला हवी.

लिहायला लावू नका, बोलू द्या. ऊसतोडीला जोडपं जातं, त्याला एक ‘कोयता’ म्हणतात. दिवसभर राबून आलेली ती दोघं प्रश्नावली भरणार नाहीत. आवाजात, आपल्या बोलीत, नेटवर्क नसतानाही चालेल असं करा.

दुसरं म्हणजे, माणूस ॲपला चिकटला हे यश समजू नका. ‘आज तिला दमलीस का विचारा’ एवढं सुचवून फोन खाली ठेवायला सांगा.

मारहाण असेल तिथं मात्र समजुतीचे धडे अजिबात नकोत. तिथं थेट महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ दाखवा, आणि मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून सुरू असलेली सरकारी फोन-हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६.