खडू हाती असताना

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

लहानांच्या वर्गात येशूच्या चमत्कारांच्या गोष्टी घ्यायच्या आहेत, रंगवायला चित्रं कुठून आणू, असं तू विचारलंस. चित्रं ढिगाने मिळतील गं. ती कधी द्यायची आणि त्यांत काय असावं, हे आधी ठरव. संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, बहुतेकदा गोष्ट उरकते, वेळ उरतो, मग कागद वाटले जातात. मुलं गप्प होतात आणि शिक्षिका हजेरी भरायला बसते. माझ्या मते वर्गाला खरा रंग तेव्हाच चढतो आणि नेमकी तेव्हाच ती तिथे नसते.

हात गुंतले, मान खाली गेली, की मुलं बोलतात. तुझ्या डोळ्यांत बघून जे विचारणार नाहीत, ते कागदाकडे बघत विचारतात. म्हणून गोष्ट आधी सांग, कागद नंतर दे, आणि तूही एक कागद घेऊन त्यांच्यात बस.

चित्र निवडण्याआधी शुभवर्तमान उघड, बायबलमधली येशूच्या जीवनाची मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार पुस्तकं. येशूने वादळ शांत केल्याचीच गोष्ट घे, मार्क ४, म्हणजे मार्काचा चौथा अध्याय. छापील चित्रांत बहुधा येशू हात उंचावून उभा असतो, पाणी निवांत. म्हणजे सगळं पार पडल्यावरचं चित्र! मार्क सांगतो की नाव पाण्याने भरत चालली होती आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपला होता. ते चित्र दे. माझ्या वर्गातल्या एकाने लाटा, नाव, शिष्य सगळं काळं केलं, इतकं दाबून की खडू मोडला. उशी तेवढी पिवळी. का रे, विचारलं तर म्हणाला, "तिथे भीती नाहीये." त्याच्या हातून काळा खडू काढून घेतला असता तर हे ऐकायला मिळालं नसतं.

पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या असलेला मुलगा फक्त योहानात भेटतो. हिरवं गवत मार्कात. मत्तय म्हणतो, पाच हजार हे पुरुषच, बायका-मुलं वेगळी. या गोष्टीत गर्दी छापलेली नको. मुलगा आणि त्याच्या भाकरी एवढंच काढ, बाकी पान कोरं ठेव. आपण कुठे बसलो असतो ते मुलं स्वतः काढतील. कुणी अगदी येशूजवळ बसतं, कुणी पार कोपऱ्यात. त्यावरून मुलांबद्दलही बरंच कळतं. अगदी लहानग्यांना मात्र जाड रेघांचे दोन-तीन मोठे आकार पुरेत. रंग रेघेबाहेर गेला, झगा जांभळा झाला, तर होऊ दे.

"बघा, कशी जादू केली!" असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. रंगवताना सहज विचार, "यात कुणाचं काय अडलं होतं?" काना गावी लग्नघरातला द्राक्षारस संपला होता, बार्तीमयाला दिसत नव्हतं, शिष्यांना जिवाची भीती होती. हे मुलांना चटकन सापडतं.

आता अवघड भाग. आजार बरे होण्याच्या गोष्टी रंगवताना कुणीतरी हमखास विचारणार, "मग माझ्या आजीला का नाही बरं केलं?" उत्तर देण्याची घाई करू नकोस. "प्रार्थना कमी पडली" किंवा "विश्वास हवा होता" हे तर नाहीच नाही. अशी वाक्यं मुलं वर्षानुवर्षं उरात वागवतात. मला माहीत नाही, असं सांगायला लाजू नकोस. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेकडे जाताना येशूही रडला, हे योहान ११ मध्ये आहे, ते त्याला सांग आणि आजीचं नाव विचार. त्याला आजीचंच चित्र काढायचं असेल तर दुसरा कागद दे. त्या दिवशी गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

वर्गात चालू न शकणारं किंवा कमी दिसणारं मूल असेल तर आणखी जपून. कफर्णहूम गावात येशू होता त्या घराचं छप्पर उघडून लुळ्या माणसाला खाटेसकट खाली सोडणारे चौघं, मार्क २, ही गोष्ट मला म्हणूनच आवडते. तिथे येशू 'त्यांचा विश्वास' पाहतो. सगळा भार खाटेवरच्या एकट्यावर येत नाही. चित्रात छपरावरचे चौघं मोठे काढ, बाज लहान. मुलं दोरांना चार वेगवेगळे रंग देतात आणि ओढाओढीचे आवाजही काढतात, त्याची तयारी ठेव!

पहिल्या रविवारी येशूने मरणातून उठवलेली याईराची मुलगी घे, मार्क ५. ती बारा वर्षांची होती, म्हणजे मोठ्या मुलांच्याच वयाची. ती उठल्यावर येशू घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. उठून बसलेली मुलगी आणि तिच्यासमोर रिकामं ताट, एवढंच चित्र काढ. ताटात काय वाढायचं ते मुलांना ठरवू दे. कागदाच्या मागे अध्याय लिही, म्हणजे घरी कुणी वाचून दाखवेल.

तुझी,
मावशी